कणकुंबीच्या माथ्यावरचे गवळी

वर्गात हजेरी घेताना माझ्या तोंडून एकदा एक वाक्य निसटलं, त्याची गोष्ट आज सांगतो.

बी. ए. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा अख्खा जुलै फिरकला नव्हता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उगवला तो चिंब भिजून, पायाला जळवा चावल्याचे डाग घेऊन. मी म्हटलं, ‘‘काय रे, म्हशी राखायला गेला होतास काय?’’ वर्ग खदखदून हसला. तो उभा राहिला आणि अगदी सरळ म्हणाला, ‘‘व्हय सर. बाबांचं दुखणं होतं, म्हशींकडं दुसरं कोण न्हवतं.’’ त्यानंतर मात्र कुणी हसलं नाही. मी पुढचा नंबर पुकारला. पण त्या तासाला काय शिकवलं ते आजही मला आठवत नाही.

हा मुलगा कणकुंबीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यातला. वाडा म्हणजे वाडा नव्हे हं! आठ-दहा घरं, गवताने शाकारलेली काही, पत्र्याची काही. आमच्या सौ. धारवाडकडच्या. त्या अशा वस्तीला ‘गौळी दड्डी’ म्हणतात. दड्डी नावाचं तर हुक्केरी तालुक्यात गावच आहे. दोन भाषांच्या घरात राहण्याचा हा फायदा, एकाच वस्तीला दोन नावं फुकटात मिळतात.

गणपती झाल्यावर तोच मुलगा स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. ‘‘सर, तुम्ही इतिहासाचे. पंचाहत्तर वर्षांचा पुरावा कुठं मिळतो?’’

कागद त्याच्या आजोबांच्या वनहक्क दाव्याचा होता. पुरावा अपुरा म्हणून एका कार्यालयातून परत आलेला.

कणकुंबीला आपण बहुतेक जण गोव्याला जाताना बघतो. जांबोटी मागे पडली की झाडी दाट होते, कणकुंबीला चहासाठी गाडी थांबते, आणि पुढे चोर्ल्याचा घाट उतरून थेट मासळी. खानापूर तालुक्यातलं हे गाव समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास आहे. मलप्रभा इथेच उगम पावते. देवळाजवळच्या त्या कुंडापाशी उभं राहिलं तर हीच नदी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचं धरण भरते, पट्टदकलच्या देवळांना वळसा घालते आणि तीनशे किलोमीटर चालून कूडलसंगमला कृष्णेला मिळते, हे खरं वाटत नाही. आणि त्याच गावाच्या हद्दीतला कळसा नाला उलट्या दिशेने निघतो. तो म्हादईला मिळतो, म्हादई पुढे मांडवी होते आणि पणजीच्या पुलाखालून अरबी समुद्रात जाते. म्हणजे कणकुंबीच्या माथ्यावर पडलेला पाऊस अर्धा बंगालच्या उपसागराचा आणि अर्धा अरबी समुद्राचा. त्या अर्ध्या-अर्ध्यावरूनच तर दोन राज्यांचं भांडण. २००६ साली कळसा-भांडुराच्या कामाला सुरुवात झाली, २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा आला आणि कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आलं. त्यानंतरही वाद काही मिटला नाही. त्यात मी आज शिरत नाही, कारण त्यावर आपल्याकडे प्रत्येक घरात एक तज्ज्ञ आहेच.

पाऊस मात्र सांगायलाच हवा. बेळगावात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस झाला की आपण ‘यंदा बरा झाला’ म्हणतो. कणकुंबीला त्याच्या तिप्पट सहज होतो. याच तालुक्यातल्या आमगावात २०१० साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला. असल्या पावसात मेंढी टिकत नाही. तिची लोकर भिजते, खूर सडतात. इथे टिकते ती म्हैस. तिला पाणी आवडतं, चिखल आवडतो, आणि धुक्यात हरवली तरी संध्याकाळी ती आपल्या पायांनी घरी येते.

धनगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेंढरं येतात, खांद्यावर घोंगडी येते. कानडीतला कुरुब समाज म्हटला की कनकदास आणि संगोळ्ळी रायण्णा आठवतात. रायण्णाला इंग्रजांनी फाशी दिली ती आपल्याच नंदगडला, २६ जानेवारी १८३१ रोजी. पण या माथ्यावरचे धनगर मेंढरांचे नव्हेत, म्हशींचे. म्हणून ते गवळी धनगर. कोल्हापूर-साताऱ्याकडे त्यांनाच डांगे धनगर म्हणतात, कारण ते डांगात, म्हणजे रानाडोंगरात राहणारे. सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने हे लोक साताऱ्यापासून थेट उत्तर कन्नड जिल्ह्यापर्यंत पसरलेले आहेत. चंदगड, खानापूर, जोयडा, हल्याळ, यल्लापूर. राज्याची हद्द कुठे बदलते ते त्यांच्या म्हशींना ठाऊक नाही. यल्लापुरातल्या गवळ्याच्या घरातही आजी नातवाला मराठीतच हाक मारते आणि तोच नातू शाळेत कन्नडमधून शिकतो. आपल्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही, आपल्याही घरात तेच चाललेलं असतं!

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोघा अभ्यासकांनी १९८२ साली या समाजावर एक मोठा लेख लिहिला. त्यात डोंगरातल्या वाटणीचं एक सुंदर चित्र आहे. खालच्या खोऱ्यात कुणबी, वरच्या सड्यावर गवळी. कुणबी भात-नाचणी पिकवायचा, शिकार करायचा. गवळी म्हशी पाळायचा, शिकारीच्या वाटेला फारसा जायचा नाही, कारण दूधदुभतं घरात होतं. कुणब्याचं धान्य वर जायचं आणि गवळ्याचं लोणी खाली यायचं. दोघांचं पोट एकमेकांवर, पण जागा वेगळ्या, म्हणून भांडण कमी. दूध का विकत नव्हते, असं कुणी विचारील. अहो, बाजार एक दिवसाच्या चालीवर! दूध पोचेपर्यंत त्याचं काय होईल? म्हणून विरजायचं, घुसळायचं, लोणी न्यायचं, ताक घरी प्यायचं. मराठीत तूप, कानडीत तुप्प. त्या शब्दाइतकंच ते तूपही सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखंच चाललं.

माझ्या लहानपणी खानापूरच्या आठवड्याच्या बाजारात पळसाच्या पानात लोण्याचे गोळे घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आई बोटाने चाखून घ्यायची आणि मग घासाघीस करायची. आता डांबरी रस्ता वर गेला, दूधसंस्थेची गाडी फाट्यापर्यंत येते, लोण्याचा गोळा इतिहासजमा झाला. घाट उतरून गोव्यातही दूध जातं. बेळगावच्या कुंद्याच्या वासात आणि पणजीच्या चहात कुठे ना कुठे या माथ्याचं गवत असतं म्हणा.

मग अडचण कुठे आली?

मुलं इंग्रजी सिनेमात घोड्यावरचे गुराखी बघतात, मोकळी माळरानं, हजारो गुरं. ती मोकळी चराई तिकडे संपवली एका साध्या वस्तूने, काटेरी तारेने. इलिनॉयमधल्या ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने तिचं पेटंट घेतलं १८७४ साली. इकडे चारच वर्षांनी, १८७८ साली, इंग्रजांचा भारतीय वन कायदा आला. तार नव्हती, पण हद्दीचे दगड आले, राखीव जंगल आलं, आणि जो माणूस कालपर्यंत रानात राहत होता तो रानात ‘शिरलेला’ ठरला. तिकडचा गुराखी सिनेमात तरी गेला. आमचा गवळी फक्त दंडाच्या पावतीवर राहिला. कुणब्याकडे जमीन होती, तिची नोंद झाली. गवळी गवतामागे फिरायचा, एका सड्यावरचं गवत संपलं की दुसऱ्या सड्यावर. त्याची नोंद कशात होणार?

स्वातंत्र्यानंतर बऱ्याच काळाने, २००६ साली, वनहक्क कायदा झाला. त्यात भटक्या आणि पशुपालक समाजांच्या चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. पण कायद्याने दोन दारं ठेवली. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तिथे राहत असल्याचं दाखवलं की पुरे. इतरांनी मात्र त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, त्या रानात वास्तव्य आणि त्यावर पोट असल्याचं दाखवायचं. गवळी धनगर आपल्याकडे अनुसूचित जमातीत नाहीत. ती मागणी जुनी आहे. महाराष्ट्रात ते भटक्या जमातींत मोडतात, पण वनहक्काच्या दाराशी त्याचा उपयोग होत नाही. थोडक्यात, १९३० सालचा पुरावा आणा. आणि १९३० साली जाणता असलेला साक्षीदार आज शंभरी ओलांडलेला हवा!

मी इतिहासाचा, म्हणून आधी पुस्तकं काढली. १८८४ सालचं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर माझ्याकडे आहे. त्यात जाती आहेत, पेहराव आहे, खाणंपिणं आहे. पण गॅझेटियर जातीबद्दल बोलतं, माणसाबद्दल नाही. कणकुंबीच्या वरच्या सड्यावर अमुक म्हातारा आपल्या सात म्हशी घेऊन राहत होता, हे कुठला इंग्रज साहेब लिहून ठेवणार? मग मी कायद्याचे २००८ सालचे नियम शोधून वाचले. ते वाचून थोडा धीर आला. पुराव्यात सरकारी कागद तर आहेतच, पण जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थानं, घराच्या खुणाही चालतात. वंशावळ चालते. आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. यांतले एकाहून जास्त पुरावे हवेत, एवढंच. मुलाला म्हटलं, दिवाळीत येतो तुझ्याकडे.

गेलो तो दिवस आश्विन वद्य द्वादशीचा. शहरात आपण वसुबारस करतो, गाय-वासराची पूजा. डोंगरात तीच वाघबारस. घराघरातून दूध आणि तांदूळ गोळा करून पोरांनी रानातल्या एका दगडापाशी खीर शिजवली. पहिला वाटा वाघाचा. वर्षभर तू आमच्या गुरांकडे बघू नकोस, असं म्हणून पानावर खीर ठेवली, आणि मग उरलेली सगळ्यांनी खाल्ली. मलाही मिळाली, धुराचा वास लागलेली. फार छान होती. आमच्या घरच्या वेलदोड्याच्या खिरीपेक्षा छान, पण हे घरी वाचलं जाणार असल्याने जास्त लिहीत नाही.

आजोबा अंगणात घोंगडीवर बसले होते. मी वंशावळ लिहायला वही काढली. त्यांच्या वडिलांचं नाव मिळालं, आजोबांचं मिळालं, पणजोबांपाशी गाडी अडली. साल कुठलंच नाही. मग त्यांनी गोठ्याकडे हात केला. गोठा म्हणजे घराचाच अर्धा भाग, मध्ये फक्त एक आडवा वासा. ‘‘ती शिंगाळी हाय न्हवं मास्तर, ती मोरीची. मोरी ती पांढरीची...’’ अशी सुरुवात करून म्हाताऱ्याने एकाही ठिकाणी न अडखळता म्हशींच्या चौदा पिढ्या सांगितल्या, थेट त्या म्हशीपर्यंत जी त्यांच्या आजीने लग्नात चंदगडकडून आणली होती. म्हैस चार-पाच वर्षांची झाली की विते, मधली वेतं धरली तर एक पिढी पाच-सहा वर्षांची. चौदा पिढ्या म्हणजे झालीच की पंचाहत्तर वर्षं! मी नियम पुन्हा काढून पाहिले. म्हशींची वंशावळ कुठे बसत नाही.

देवाचा दगड मात्र होता. दगड रचून बांधलेला एक झरा होता, त्याच्या कडा वापरून गुळगुळीत झालेल्या. वस्तीच्या खालच्या अंगाला पुरलेल्या माणसांच्या जागा होत्या, डोक्याशी एकेक दगड. मुलाने मोबाईलवर सगळ्याचे फोटो घेतले. त्याच्या वडिलांनी झऱ्यातलं शेवाळ काढून दगड मोकळे केले. त्यांना अजून धाप लागत होती.

परतताना मी आजोबांना एक गोष्ट विचारली, विचारू की नको असं दिवसभर मनात घोळत होतं. घाटाखाली, सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीत, २०२० च्या जानेवारीत चार वाघ मेलेले सापडले, विष घातलेले. पकडलेली माणसं धनगर कुटुंबातली होती. त्यांची गुरं वाघाने मारली होती. देशभर बातम्या झाल्या. पुढे २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईचं व्याघ्रक्षेत्र तीन महिन्यांत जाहीर करा असा आदेश दिला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्या बाजूला भीमगड अभयारण्य २०११ सालीच झालं आहे. तिथल्या तळेवाडीसारख्या वस्त्यांना बाहेर नेण्याचं काम सुरू आहे, कुटुंबामागे पंधरा लाखांची मदत ठरली आहे. काहींना ते हवंय. शाळा लांब, दवाखाना लांब, पावसाळ्यात बाळंतीण डोलीतून न्यावी लागते. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, मी खानापुरात नळाचं पाणी पितो.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘वाईट केलं. त्यो देव हाय.’’ थोड्या वेळाने पुन्हा, ‘‘पर गाभणी म्हस मेली म्हंजे दोन वरसं घरात पैसा न्हाई. हे बी लिवा तुमी.’’ लिहिलं.

मला स्वतःला वाटतं ते असं. वाघ हवाच. मलप्रभेला पाणी हवं तर हे रान हवं, आणि वाघ असला तरच रान राहतं. पण मारलेल्या म्हशीची भरपाई त्याच महिन्यात हातात पडली तर विषाची बाटली कुणाच्या मनातही येणार नाही. आणि ज्याच्या राहण्याचीच नोंद नाही, त्याच्या म्हशीची नोंद कोण करणार? कायदाही सांगतो की आधी हक्क ठरवा, मग स्थलांतराचं बोला, तेही संमतीने. अभयारण्यातसुद्धा. हा क्रम उलटला की मग लोक वाघाला वैरी मानायला लागतात.

जबाबासाठी कणकुंबीतल्याच एका आजी तयार झाल्या. ऐंशीच्या पुढच्या, शेतकरी घरातल्या. त्यांच्या दारात मी, मुलगा आणि शेजारची चार माणसं बसली. आजींनी सांगितलं, ‘‘आमच्या सासूबाईंच्या लग्नात लोणी आलं ते ह्याच्या पणजाच्या घरचं. सासूबाई सांगायच्या, गोळा एवढा मोठा होता की दोघांनी पाटी उतरवली. त्याच्या बदल्यात सासऱ्यांच्या वडिलांनी भात दिलं.’’ त्या लग्नाचं साल? ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण सासूबाईंचा थोरला मुलगा, म्हणजे आजींचे मोठे दीर, यांचा शाळेतला दाखला घरातल्या ट्रंकेत निघाला. जन्म १९२७. त्यांच्या आईचं लग्न त्याच्या आधीचं असणारच! इतिहासाची वीस वर्षं नोकरी करून मला इतका आनंद क्वचितच झाला असेल. तो दाखला बघून मुलाच्या आधी मीच ओरडलो.

जबाब मराठीत झाला, अर्ज कन्नडमध्ये हवा होता. दोन रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर भाषांतर चाललं. सौ. म्हणाल्या, ‘‘अहो, ‘लोण्याची पाटी’ला बेण्णे बुट्टी लिहू का? साहेबांना कळेल की नाही?’’ मी म्हटलं, कळेल, त्यांच्याही आजीने चाखलं असेल. धनगरवाडा लिहायचा की गौळी दड्डी, यावर थोडा वाद झाला. शेवटी दोन्ही लिहिलं, एक कंसात. कागद ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दिले आहेत. तिथून ते उपविभागाला जातील, मग जिल्ह्याला. अजून उत्तर नाही.

वर्षाअखेरीस त्या मुलाची हजेरी कमी भरली. परीक्षेला बसण्यासाठी सवलतीचा अर्ज असतो, त्यावर वर्गशिक्षकाची शिफारस लागते आणि गैरहजेरीचं कारण लिहावं लागतं. बहुतेक मुलं ‘आजारपण’ लिहून आणतात आणि आम्ही डोळे झाकून सही करतो. त्यानेही तेच लिहिलं होतं. मी ते खोडलं, त्या जागी ‘वडिलांच्या आजारपणात म्हशी राखणे’ असं लिहिलं, आणि खाली सही केली.